रविवारचा पास्ता, कमी कार्बचा: जानेवारी ते मार्च २०२५ च्या नोंदी

४ जानेवारी, शनिवार

डिसेंबरात नवऱ्याचा एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ८.१ आला. डायबेटीस नऊ वर्षं झाली, गोळ्या चालू, सकाळचं नाशिकच्या गोदापार्कला चालणं चालू, भात आठवड्यातून दोनदाच. राहिला होता एक रविवारचा पास्ता. लॉकडाऊनपासून दर रविवारी रात्री हे आणि लेक मिळून पास्ता करतात, ती तेव्हा सात वर्षांची होती आता बारावं लागलंय, आणि तो दोघांचा ठरलेला वेळ आहे, तो बंद करा असं मला त्यांना सांगायचं नाहीये. म्हणून ठरवलं की पास्त्याच्या जागी काय काय चालतं ते घरीच करून बघायचं आणि सगळं लिहून ठेवायचं. मी शोधत होते तेव्हा सगळीकडे छान छान फोटो होते, पण कुठे फसतं आणि का फसतं ते कुणी सांगत नव्हतं, आणि मला तेच हवं होतं.

सामान: वजनकाटा ३५० रुपये (हा घ्याच, अंदाजाने काही कळत नाही). शुगरचं मशीन घरात होतंच. पट्टी साधारण २० रुपयाला एक पडते, म्हणून जेवणाआधी एक आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एक, आणि तेही फक्त प्रयोगाच्या दिवशी.

५ जानेवारी, रविवार

आज काहीच बदललं नाही, नेहमीचाच पास्ता, फक्त मोजून. ह्यांच्या दोन वाढण्यांत मिळून कोरडा पास्ता १०० ग्रॅम जातो हे आज पहिल्यांदा कळलं. पाकिटावर १०० ग्रॅमला ७४ ग्रॅम कार्ब (कार्बोहायड्रेट, शुगर वाढवतात ते हेच), म्हणजे लहान चार फुलक्यांइतके, वर सॉस आणि गार्लिक ब्रेडचा तुकडा वेगळाच. जेवणाआधी शुगर १२८, दोन तासांनी २३१. आकडा बघून ते काही बोलले नाहीत, लेकच म्हणाली "बाबा, पुढच्या रविवारी दुसरं करू".

८ जानेवारी, बुधवार

किराणा दुकानात नाचणीच्या नूडल्स, मल्टीग्रेन पास्ता, ज्वारीच्या शेवया असं सगळं मांडलेलं असतं, पुढे हिरवं पाकीट आणि गव्हाच्या लोंब्यांचं चित्र. तीन पाकिटं उलटी करून मागचा तक्ता वाचला. तिन्हीत १०० ग्रॅमला ६८ ते ७३ च्या मधे कार्ब. एकात नाचणी पुढे मोठ्या अक्षरात आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं. नाचणी चांगलीच आहे, कॅल्शियम आहे, तंतू जास्त आहेत, पण नाचणीच्या पिठातही कार्ब गव्हाएवढेच असतात, त्यामुळे आपल्या ह्या कामाला ती उपयोगाची नाही. दुकानात वीस मिनिटं गेली पण पैसे वाचले.

मग भाजीच्याच नूडल करून बघू म्हणून येताना गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात गेले. दोन कोवळे दुधी ३० रुपये. झुकिनी (काकडीसारखी दिसणारी परदेशी भाजी) तिथे नव्हती, ती गंगापूर रोडच्या एका दुकानात मिळाली, १४० रुपये किलो.

१२ जानेवारी, रविवार – झुकिनी, पूर्ण फसली

झुकिनीत १०० ग्रॅमला ३ ग्रॅमच्या आसपास कार्ब, म्हणून सगळे आधी तिच्याकडेच वळतात. ऑनलाइन ५४९ रुपयांचं स्पायरलायझर, म्हणजे भाजीच्या लांब नूडल पाडायचं मशीन, मागवलं होतं, टेबलावर ठेवून दांडा फिरवायचा, खाली रबराच्या वाट्या असतात त्या ओट्याला चिकटतात असं लिहिलेलं. आमचा ओटा कडप्प्याचा. कडप्पा खरखरीत, त्याला त्या वाट्या धरतच नाहीत, दांडा फिरवला की मशीनच फिरतं. शेवटी उलटं ताट ठेवून त्यावर मशीन बसवलं आणि लेकीने दोन्ही हातांनी दाबून धरलं तेव्हा कुठे नूडल निघाल्या. ग्रॅनाइटचा किंवा काचेचा गुळगुळीत ओटा असेल तरच हे घ्या.

मोठी चूक पुढे झाली. आम्ही त्या नूडल पास्त्यासारख्या उकळत्या पाण्यात टाकल्या. चार मिनिटं. बाहेर काढल्या तेव्हा हिरवट लगदा, आणि सॉसमध्ये टाकल्यावर तर दोन मिनिटांत कढईत पाणीच पाणी, सॉस एका बाजूला आणि पाणी एका बाजूला. झुकिनीत ९५ टक्के पाणी असतं, तिला अजून पाण्यात शिजवायचं काही कारणच नव्हतं. पास्ता कोरडा असतो, त्याला पाणी प्यायचं असतं, भाजीला पाणी सोडायचं असतं, हे उलटं काम आहे आणि मी ते सुलट समजून बसले.

सगळ्यांनी शेवटी पोळीभाजी खाल्ली. पाऊण किलो झुकिनी आणि चीज मिळून अंदाजे १८० रुपये गेले. शुगर मोजली नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ह्यांनी अर्धी गुळाची पोळी तुपाबरोबर खाल्ली. प्रयोग नाही.

१९ जानेवारी, रविवार – दुधी, जमला

झुकिनी महाग आणि दूर, दुधी मात्र दाराशी. नाशिकला भाजीचं खरंच सुख आहे, मखमलाबाद, दरी-मातोरी, गिरणारे इकडून सकाळी तोडलेला माल दुपारी बाजारात असतो. कार्ब दोन्हीत जवळजवळ सारखेच. मग दुधीच घ्यायचं ठरवलं.

आधी एक महत्त्वाचं. दुधी सोलला की कच्च्या गराचा नखाएवढा तुकडा चाखायचा. कडू लागला तर तो दुधी पूर्ण फेकायचा, शिजवूनही खायचा नाही, कडू दुधी विषारी असतो आणि त्याने माणसं दवाखान्यात गेलेली आहेत.

स्पायरलायझर बाजूला ठेवलं. भांडी बाजारात ८० रुपयाला दातेरी सोलणं मिळालं, साध्या सोलण्यासारखंच पण पात्याला दात असतात त्यामुळे एका ओढीत आठ-दहा लांब सळ्या निघतात. दुधी उभा धरून चारही बाजूंनी ओढत जायचं आणि बियांचा मऊ भाग लागला की थांबायचं. तो मधला भाग नूडलमध्ये आला तर सगळं बिघडतं, तो लगेच गळतो.

आता पाण्याचं. ६०० ग्रॅम सळ्यांना सपाट एक चमचा मीठ चोळून चाळणीत २५ मिनिटं ठेवल्या. खालच्या भांड्यात अर्धी वाटी पाणी आपोआप जमलं. मग सुती पंच्यात घेऊन पिळायचं, आणि इथे घाई करायची नाही, मी आधी एकदम सगळं घेऊन जोरात पिळलं तर सळ्या तुटल्या. मूठ-मूठ घ्यायचं, पंच्याची पुरचुंडी करायची आणि कपडा पिळतो तशी पीळ न देता नुसती तळहाताने दाबायची, पाणी थेंब-थेंब यायला लागलं की बास. हातात आलेल्या सळ्या मग ओल्या दोऱ्यासारख्या लवचिक होतात, बोटाला गुंडाळली तरी मोडत नाहीत. इथेच मला वाटलं की आज जमणार. पिळल्यावर वजन ४१० ग्रॅम.

पसरट लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवली, थोडं तेल, सळ्या टाकून मोठ्या आचेवर दोन मिनिटं, झाकण अजिबात नाही. सॉस वेगळा आधीच आटवून ठेवला होता, टोमॅटो, लसूण, भरपूर मिरी, चमचा मारला की कढईचा तळ दिसेल इतका घट्ट. ताटात आधी सळ्या, वर सॉस.

खारट झालं. सळ्यांना मीठ लावलंय हे विसरून सॉसमध्ये नेहमीचं मीठ घातलं होतं. सॉस बिनमिठाचा ठेवा, शेवटी चाखून मग घाला. पण बाकी खरंच छान, काट्याला गुंडाळून खाता आलं. ह्यांना सगळ्यात आवडलं ते हेच, म्हणाले "अगं, नीट गुंडाळतंय की". आधी १२४, दोन तासांनी १३७.

२० जानेवारी, सोमवार – हे सगळ्यांनी वाचा

रात्री पावणेतीनला मला जाग आली ती ह्यांच्या अंगाच्या घामाने. थंडीचे दिवस, बाहेर ८-९ डिग्री, आणि बनियन भिजलेलं, हात थरथरत होते. मशीन लावलं, ६१. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजलं, ८६, मग अर्धी पोळी आणि दूध. मी पहाटेपर्यंत जागीच होते.

झालं काय, तर ह्यांच्या रात्रीच्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे. ग्लिमेपिराइड शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं, जेवणात कार्ब असोत नसोत. गोळी नेहमीच्या जेवणाच्या हिशोबाने दिलेली आणि मी ताटातले कार्ब एकदम ७४ वरून २० च्या खाली आणले, ब्रेडसुद्धा काढून टाकला. संध्याकाळचा १३७ बघून मी खूश झाले होते, तो आकडा खाली उतरत जाणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रात्रीची गोळी बदलून दिली आणि स्पष्ट सांगितलं, नव्हे बजावलंच, की जेवणात एवढा फरक करायचा तर आधी मला विचारायचं. बरोबरच आहे. घरात कुणी इन्सुलिनवर किंवा असल्या गोळीवर असेल तर दुधी आणायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. ७० च्या खाली गेलं की साखर, पंधरा मिनिटं थांबून परत मोजायचं, हे लेकीलाही शिकवून ठेवलं. साखरेचा छोटा डबा आता पलंगाशेजारी असतो.

२६ जानेवारीचा रविवार प्रयोग नाही, नवी गोळी बसू दिली.

२९ जानेवारी, बुधवार – शिराताकी आली

जपानी शिराताकी नूडल्स, ऑनलाइन, २०० ग्रॅमचं पाकीट २४० रुपये. दोन मागवली. कोंजॅक नावाच्या कंदापासून करतात, हा कंद आपल्या सुरणाच्याच कुळातला. ९७ टक्के पाणी आणि बाकीचा बहुतेक ग्लुकोमॅनन नावाचा तंतू, त्यामुळे शुगर वाढवायला त्यात जवळजवळ काही नाही. पाकिटात पाणी असतं ते चुन्याच्या निवळीसारखं, घटकांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिहिलेलंच असतं, चुन्यानेच तो कंद घट्ट धरतो.

पाकीट फोडलं आणि मासळीचा वास. नूडलला नाही, त्या पाण्याला. सासूबाई माळकरी, त्या स्वयंपाकघरातून उठून गॅलरीत जाऊन बसल्या, मला फार वाईट वाटलं, आधी सांगायला हवं होतं. मी एकदा धुऊन तसंच टोमॅटो सॉसमध्ये टाकलं. वास कमी झाला पण गेला नाही, नूडलने सॉस घेतला नाही, रबरासारखं दाताखाली. लेकीने दोन घास खाऊन ठेवलं. २४० रुपये गेले.

२ फेब्रुवारी, रविवार – शिराताकी परत, नीट

ह्यावेळी पाकीट बाहेर गॅलरीतल्या मोरीत फोडलं. वाहत्या पाण्याखाली चार वेळा चोळून धुतलं, उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, निथळून मग कोरड्या कढईत, तेलाचा थेंब नाही, मध्यम आचेवर परतत राहिले. आधी वाफ येते, मग चर्रर्र आवाज, मग आठेक मिनिटांनी नूडल कढईला घासून बारीक किरकिरायला लागतात, तो आवाज आला की पाणी गेलं समजायचं. वास पूर्ण गेला, सासूबाईंना विचारून खात्री केली.

इटालियन सॉसचा हट्ट सोडला. ह्याला चव आत शिरतच नाही त्यामुळे बाहेरून झणझणीत काहीतरी पाहिजे. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, काळा मसाला घालून शेवभाजीला करतो तसा रस्सा केला आणि शेवेच्या जागी ह्या नूडल. शेव रश्श्यात दोन मिनिटांत विरघळते, ह्या अर्ध्या तासानेही तशाच. ह्यांनी वाटी चाटून पुसून संपवली. ११९ आणि दोन तासांनी १३३. कांदा-खोबऱ्याचे कार्ब त्यात आलेच.

दोन गोष्टी. नीट चावून खायच्या, हा तंतू पाण्याने फुगतो, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना देताना कापून द्या. आणि फ्रीझरमध्ये ठेवू नका, मी उरलेली ठेवली होती ती सुतळीसारखी झाली. पाकिटामागे २४० रुपये मोजून दर आठवड्याला हे आम्हाला परवडणार नाही, महिन्यातून एकदा ठीक.

९ फेब्रुवारी, रविवार – व्हाइट सॉस

लेकीला व्हाइट सॉस हवा होता. तिचं बरोबर आहे, पाच आठवडे तिने एकदाही कुरकूर केली नाही. पण आमच्या नेहमीच्या व्हाइट सॉसमध्ये दोन मोठे चमचे मैदा, म्हणजे १२ ग्रॅम कार्ब फक्त घट्टपणासाठी, आणि अर्धा लिटर दुधाचे २५ ग्रॅम वेगळेच. नूडलमध्ये वाचवलेलं सगळं सॉसमध्ये परत येतं हे मी महिनाभर बघितलंच नव्हतं. बाजारच्या सॉसच्या बाटल्याही तपासा, आमच्या कपाटातल्या दोन्हींत साखर निघाली.

नवीन सॉस: पाव किलो फ्लॉवर वाफवून, पूर्ण निथळून, १०० ग्रॅम पनीर, लसणाच्या चार पाकळ्या तुपात परतलेल्या, पाव वाटी दूध, मिक्सरमधून गंधासारखं बारीक वाटायचं. जायफळ किसून. पहिल्या वेळी फ्लॉवर पाण्यात उकडला होता तर सॉस पातळ आणि कोबीसारखा वास, वाफवल्यावर ठीक झाला. खाली कोबी घेतला, लांब-लांब पट्ट्या कापून, पाण्यात नाही, मोठ्या आचेवर परतून. कोबी स्वस्त आहे, फार पाणी सोडत नाही, पण तो नूडल आहे असं कुणाला वाटणार नाही, गोडसर चव मागे राहते. सॉस मात्र आता कायमचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बेसनात अंडं आणि इसबगोल घालून सोऱ्यातून थेट उकळत्या पाण्यात नूडल पाडायचा प्रयत्न. पहिल्या चार पीठ होऊन पाण्यात गेल्या, पीठ घट्ट केलं तर सोऱ्याचा दांडा दोघांना मिळून दाबावा लागला. जमल्या तेव्हा वजन करून हिशोब केला, एका माणसाला ८० ग्रॅम बेसन लागतं, म्हणजे ४६ ग्रॅम कार्ब. पास्त्यापेक्षा कमी पण एवढ्या मेहनतीच्या मानाने काहीच नाही. सोडून दिलं. सोऱ्या घासायलाच अर्धा तास गेला.

१६ फेब्रुवारी, रविवार – सुरळीची वडी

सोऱ्याचा सगळा खटाटोप बघून सासूबाई गुरुवारी म्हणाल्या, "बेसन दाबून घट्ट कशाला करतेस, ताकात शिजवून पसरव की, सुरळीच्या वडीला मूठभर पिठात ताट भरतं". हा विचार मला सहा आठवड्यांत आला नाही. बेसन तेच, पण त्यात तिप्पट ताक शिजून बसतं. ५० ग्रॅम बेसन आणि दीडशे मिली ताक, दोघांचं होतं, म्हणजे एका ताटाला बेसनाचे कार्ब १५ ग्रॅमच्या आत, ताकाचे थोडे वेगळे. अंडंही नको.

शिजवलं त्यांनीच, मी फक्त पसरवलं. गुठळी न होऊ देता सतत ढवळायचं, घट्ट झालं की ताटलीवर थेंब फासून गार होऊ द्यायचा आणि नखाने उचलायचा, अख्खा सुटून आला की गॅस बंद. ओट्यावर तेलाचं बोट फिरवून पातळ पसरवलं, सुरीने बोटभर रुंदीच्या पट्ट्या. दिसायला हुबेहूब, इतक्या सुंदर की लेकीने फोटो काढले.

मग मी त्या उकळत्या टोमॅटो सॉसमध्ये सोडल्या आणि हलवलं. एका मिनिटात पिठलं. सासूबाईंच्या अर्ध्या तासाच्या कामाचं मी असं केलं ह्याचं मला रात्रभर वाईट वाटलं. भाकरीबरोबर खाल्लं सगळ्यांनी.

२३ फेब्रुवारी, रविवार

तीन बदल केले. एक, पट्टी जाड, साधारण दोन मिलिमीटर, वडीइतकी पातळ नाही. दोन, पसरवल्यावर पंख्याखाली पाऊण तास उघडं ठेवलं, वरचं पाणी उडून कातडीसारखा पृष्ठ झाला. तीन, गॅसवर परत चढवायचंच नाही, ताटात पट्ट्या मांडायच्या आणि वरून कडक गरम घट्ट सॉस ओतून लगेच वाढायचं.

जमलं. पट्टी पट्टीच राहिली, दाताखाली मऊ पण तुटेपर्यंत जरा ओढ देणारी. फ्लॉवरचा पांढरा सॉस, वर मिरी आणि चीज. सासूबाईंनी पहिल्यांदाच आमच्याबरोबर "तुमचा तो पास्ता" खाल्ला, आणि परत घेतला. आधी १२१, दोन तासांनी १४९. दुधीपेक्षा जास्त, पण पोट भरलं, रात्री काही खावंसं वाटलं नाही, आणि पहाटे मुद्दाम उठून मोजलं तर १०८.

२ मार्च, रविवार

आज मी स्वयंपाकघरात गेलेच नाही. हे सळ्या पिळत होते आणि लेक सॉस आटवत होती, दुधीचाच वार होता. तिने स्वतःहून आधी तुकडा चाखला आणि "बाबा, गोड आहे" म्हणाली.

आतापर्यंत वाया गेलेलं मोजलं तर साधारण १,१०० रुपये, त्यातले ५४९ त्या स्पायरलायझरचे, ते आता माळ्यावर आहे, कुणाचा ग्रॅनाइटचा ओटा असेल तर देऊन टाकीन. आता दुधीच्या रविवारी चौघांना मिळून दीडशेच्या आत होतं, सुरळीच्या पट्ट्यांचा रविवार त्याहून थोडा स्वस्त. पुढचा एचबीएवनसी डॉक्टरांनी मार्चअखेर सांगितलाय, तो आला की इथेच खाली लिहीन.

दुधीचा मधला बियांचा गर फेकू नका, किसून थालीपिठात जातो. पिळलेलं पाणीही खारट असतं तेवढं लक्षात ठेवून डाळीत घाला.